विल्सनचं इंजिन

साखळीला लटकलेलं इंजिन बोटभर खाली आलं आणि पुन्हा अडकलं.

"ताई, तुझ्या बाजूने जरा ढकल. हळू. बोटं सांभाळ," विल्सन म्हणाला.

डेल्फीन येलोहेअरने दोन्ही हातांनी जोर लावला. पिकअप तिचाच होता. मागच्या आठवड्यात पाण्याची दोनशे गॅलनची टाकी घेऊन चढ चढताना त्याच्या सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनाने मधेच प्राण सोडला होता. ॲरिझोनातल्या त्या लाल पठारावर नावाहो लोकांची पाच घरं होती. एकाही घराला नळ नव्हता, आणि खालून पाणी वर नेणारी गाडी ही एकच.

खट्ट आवाज झाला. इंजिन गिअरबॉक्सला जाऊन भिडलं. विल्सनने जाड पत्रा कापून नवे पाय बनवले होते, त्यांच्यावर ते नीट टेकलं. रेडिएटर त्याने आधीच चार बोटं पुढे सरकवला होता.

"आठ सिलिंडर म्हणजे उंची आली," तो म्हणाला. "बॉनेट लागायचं नाही. मधे भोक पाडावं लागेल."

"पाड की. मला काय तिला नवरी करून पाठवायचीय?" डेल्फीन हसली. मग इंजिनावरून हात फिरवत म्हणाली, "एवढं मोठं मिळालं कुठे तुला?"

"भंगारात."

"भंगारातलं इंजिन इतकं पुसूनबिसून ठेवलेलं असतं?"

विल्सन वाकून बोल्ट आवळत राहिला.

रेडिएटरसाठी पाणी आणायला ती बादली घेऊन विल्सनच्या शेडमागे गेली. तिथे त्याचा निळा पिकअप उभा होता. बाहेरगावी विजेच्या तारा ओढण्याचं काम करत असताना अकरा वर्षं एकेक सुटा भाग जमवून त्याने तो उभा केला होता. त्याला कुणी नुसतं टेकलेलंही विल्सनला खपत नसे. आज त्याचं बॉनेट उघडं होतं आणि आत पोकळी होती. वायरी नीट गुंडाळून बांधलेल्या. उघड्या नळ्यांच्या तोंडात फडक्याचे बोळे.

डेल्फीन रिकामी बादली घेऊन परत आली.

"ते परत तुझ्या गाडीत घाल, विल्सन."

"आता बोल्ट आवळले."

"मी थट्टा करत नाहीये."

विल्सनने फडक्याला हात पुसले.

"वसंतात माझी आई गेली तेव्हा मी आलो ना," तो म्हणाला. "अकरा वर्षांत मी किती वेळा घरी आलो, ते तुला माहीत आहे. दारात पोचलो, तर तिची दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून झाकणांवर दगडसुद्धा ठेवलेले. कुणी भरली, ते विचारावंही लागलं नाही."

"अरे, वाटेवरच तर होतं तिचं घर."

"वाटेवर नाही, ताई. दोन मैल आत आहे."

डेल्फीनने खोक्यातला पाना उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"कुठला बोल्ट राहिलाय?"

दुपारी टाकी भरून दोघं निघाले. चढ सुरू झाला तशी सवयीने डेल्फीनने पहिला गिअर टाकला. गाडी नुसती गुरगुरली. तिने दुसरा टाकला. मागे दोनशे गॅलन पाणी असून पिकअप न कुरकुरता वर निघाला. जुनं इंजिन ज्या दगडापाशी मेलं होतं तो आला आणि मागे पडला, तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसायला लागली. विल्सन खिडकीबाहेर बघत होता, पण कान इंजिनाकडे लावून.

चढ संपताच पहिलं घर लिओ टोडाचीनीचं. नव्वदीला आलेला म्हातारा आणि त्याचं कुत्रं, एवढंच त्या घरात. तो दारात उभा होता. डेल्फीन खाली उतरेपर्यंत जागचा हलला नाही.

"आवाज ओळखला नाही मी, पोरी," तो म्हणाला. "वाटलं, कुणी परकं आलं."

"मीच आहे, आजोबा. इंजिन बदललं. या विल्सनने दिलं."

विल्सनने टाकीचा पाइप ओढून पिंपात सोडला. पिंप भरू लागलं. म्हातारा गाडीपुढे येऊन उभा राहिला आणि बॉनेटकडे बघत राहिला. जुनं इंजिन इथे पोचायचं तेव्हा वाफा सोडत असायचं. ते निवेपर्यंत डेल्फीनला अर्धा तास त्याच्या चुलीपाशी बसून राहावं लागायचं. आठवड्यात त्याच्याकडे येणारं माणूस ती एकच.

"वाफ नाही," तो म्हणाला.

"नाही."

"बरं झालं. पुढची चार घरं लवकर उरकतील तुझी." थोडं थांबून तो पुटपुटला, "मी आपली कॉफी ठेवली होती."

डेल्फीनने गाडीत वाकून पाहिलं. तापमानाचा काटा निवांत मधोमध उभा होता. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"कसलं लवकर, आजोबा! हे इंजिन तर जास्तच तापतं. तासभर हात लावायचा नाही म्हणतो हा."

म्हाताऱ्याने विल्सनकडे पाहिलं. विल्सनने पाइप खाली ठेवला, बॉनेटवर पंजा टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"चटका बसला," तो बोटं झाडत म्हणाला.

म्हातारा तिसरा कप शोधायला आत गेला.