उरलेले अर्धे कार्ड

इसोमुरांच्या त्या पत्राला सेगावांनी कधीच उत्तर दिले नव्हते. पत्र कसले, जोडकार्ड होते. एका अर्ध्यावर एकच प्रश्न : ‘माझा गेम आपण शेवटपर्यंत खेळलात का?’ उत्तराच्या अर्ध्यावर इसोमुरांचा हाकोदातेचा पत्ता आणि मागे दोन शब्द, ‘हो’ आणि ‘नाही’. लग्नाच्या आमंत्रणाबरोबर येते तसे. नको तो शब्द खोडायचा आणि टपालपेटीत टाकायचे. तेवढेही सेगावांच्या हातून झाले नव्हते. छत्तीस वर्षे ते कार्ड जाड शब्दकोशात दबून होते.

नागुमोबाई समोर बसून त्यांचाच जुना लेख मोठ्याने वाचत होत्या, आणि सेगावांची नजर त्या शब्दकोशावरून हटत नव्हती.

नागुमो तोक्योच्या एका प्रकाशनात संपादक होत्या. चाळिशीत सेगावा एका मासिकात सदर लिहीत. तपासाचे कोणते व्हिडिओ गेम फसलेत आणि नवख्याने त्याऐवजी कोणता घ्यावा, असे. त्या लेखांचे आता पुस्तक निघत होते. शहात्तराव्या वर्षी, पहिलेच.

“‘चहाघरातल्या म्हातारीला शंभरदा विचारा,’” नागुमोबाई हसू दाबत वाचत होत्या, “‘शंभरदा ती तेच सांगते. लेखकाजवळचे शब्द संपले असावेत. नवख्यांनी ही कॅसेट दुकानातच ठेवावी आणि शेजारची ‘बर्फाखालची किल्ली’ उचलावी. तिथला गुप्तहेर निदान जागा तरी असतो. हा साहेब झोपेतच चालतो.’ सर, पुस्तकाची सुरुवात ह्यानेच करायची!”

“बघा ना,” धाकटी बहीण फुमिए चहा ओतत म्हणाली. “दारात माणूस आला तर ह्याची दातखीळ बसते. आणि कागदावर केवढा शूर!”

“ह्या गेमचं चित्र छापायला परवानगी हवी म्हणून मी इसोमुरांकडे फोन केला होता,” नागुमोबाई म्हणाल्या. “ते गेले हो. तीन वर्षं झाली. त्यांच्या पत्नी बोलल्या. राग नाही अजिबात. म्हणाल्या, आमचे हे म्हणायचे, एवढं वाचलेला माणूस शेवटपर्यंत खेळला आणि तरी त्याला आवडला नाही, म्हणजे खोट माझ्यातच. खेळला नसता तर त्याने तसं कळवलं असतंच की. पुढे त्यांनी गेम केलाच नाही एकही. मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान चालवलं.”

सेगावांनी पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

जाताना नागुमोबाई एक जुने यंत्र आणि ती कॅसेट ठेवून गेल्या. “नावंबिवं एकदा तपासून घ्या, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, पांघरुणात पाय घालून सेगावा खेळायला बसले. पडद्यावर धुके होते, बंदर होते, आणि बोटीतून उतरणारी एक प्रौढ बाई.

“अगं बाई!” सफरचंद सोलता सोलता फुमिए म्हणाली. “गुप्तहेर बाई आहे की! तू तर ‘साहेब’ लिहिलंयस. म्हातारा झालास, दादा.”

सेगावांनी पुढचे बटण दाबले.

तिसऱ्या दिवशी ते चहाघरात पोचले. म्हातारी मान खाली घालून बसली होती. त्यांनी ‘विचारा’वर बोट दाबले. ‘मला काही ठाऊक नाही. चहा घ्या.’ पुन्हा दाबले. तेच. पाचव्यांदाही तेच. सातव्यांदाही. आठव्यांदा म्हातारीने मान वर केली.

‘इतक्या वेळा मला कोणी काही विचारलं नव्हतं. बसा. तुम्ही शोधताय तो माझा मुलगा आहे.’

फुमिएची सुरी थांबली. मग सेगावा पुढे खेळले. संध्याकाळी गेम संपला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सकाळी त्यांनी स्वतःहून फोन लावला. एरवी ते फोनला हात लावत नसत.

“तो लेख काढून टाका.”

“सर, तोच तर गाजलाय! तो नसेल तर आमचे साहेब पुस्तकच नको म्हणतील.”

“मग राहू दे पुस्तक.”

“पण का? आज कोणाला आठवतोय तो गेम?”

“त्यांच्या पत्नीला,” सेगावा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग शब्दकोशातून कार्ड निघाले. फुमिएने ते उलटेसुलटे करून पाहिले.

“एवढंच ना? काल संपवलास की. ‘नाही’ खोड आणि खाली लिही, फार आवडला म्हणून. त्या बाईंनाही बरं वाटेल, आणि तुझ्याकडून खोटंही व्हायचं नाही.”

सेगावांनी वाढलेल्या दरापुरती जादा टपालतिकिटे चिकटवली. रीतीप्रमाणे इसोमुरांनी आपले नाव नुसतेच लिहिले होते. नावाला ‘श्री’सारखा मान उत्तर देणाऱ्याने जोडायचा असतो. त्यांनी तो जोडला. कार्ड उलटून ‘हो’वर सरळ रेघ मारली.

“अरे, पण...” फुमिए म्हणाली.

बराच वेळ त्यांचे पेन कार्डावर चालत होते. मग त्यांनी कोट चढवला, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेले आणि कार्ड आत सोडले. त्यावर ‘हो’ खोडलेले होते, ‘नाही’ही खोडलेले होते, आणि खाली लिहिले होते : ‘मासिकाच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर ऐकले, तेवढ्यावर लिहिले. तुमचा गेम मी तेव्हा सुरूच केला नव्हता.’