खारीपुरतं पिस्तूल

आयडेला स्टॅम्परनं ते पिटुकलं पिस्तूल हातात घेतलं आणि वरची पोलादी पट्टी मागे ओढून पाहिली. संधिवातानं धरलेल्या बोटांनी साफ नकार दिला. दुसऱ्यांदाही तेच. मग तिनं पिस्तूल काचेच्या कपाटावर परत ठेवलं. "हे तुझ्या बायकोला दे, हर्शेल," ती म्हणाली.

दुकानदार हर्शेल ओशाळला. बाई दिसली की सगळ्यात लहान आणि हलकं पिस्तूल पुढे करायचं, ही आमच्या डोंगरातल्या दुकानदारांची जुनी खोड. हलकं पिस्तूल हाताला उलट जास्त झटका देतं हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. आयडेला एकाहत्तर वर्षांची. रायफलनं खार पाडण्यात तिचा हात धरणारं केंटकीच्या या खोऱ्यात कुणी नव्हतं, पण पिस्तूल तिनं आजवर घेतलं नव्हतं. आता रायफल चोरीला गेली होती आणि नवी रायफल पेलण्याजोगा खांदा राहिला नव्हता.

हर्शेलनं रीतीप्रमाणे विचारलं, कशासाठी हवंय. खारींसाठी, तिनं सांगितलं, आणि कुंपणावर डबे मांडून नेम धरायला.

"आणि माणसासाठी," तिचा मुलगा डेंटन म्हणाला.

डेंटन शहरातून तीन तास गाडी हाकत आला होता. येतानाच अट घेऊन आला होता. माणूस अडवील असं पिस्तूल घरात ठेव आणि ते चालवता येतं हे मला दाखव, नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे राहायला चल. रायफल नेणारा नशेच्या गोळ्यांपायी घरं फोडत होता, एकदा आलेला पुन्हा येणार, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. पण आयडेलाला शहरात जायचं नव्हतं. तिथं माणूस लवकर मरतो असं तिचं मत होतं, आणि डेंटनच्या घरी तीन दिवस काढलेल्या कुणालाही ते पटलं असतं.

एक गोष्ट तिनं लेकाला सांगितली नव्हती. चोर तिनं पाहिला होता. तो डेंटनचाच मुलगा होता, कोल्बी. बाप सगळ्यांना सांगत होता की पोरगा टेक्ससला तेलाच्या विहिरींवर कामाला आहे, आणि त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. आयडेलानं ठरवलं होतं, हे आपल्याबरोबरच मातीत जाऊ द्यायचं.

डेंटननं कपाटातलं पंचेचाळीस कॅलिबरचं, जाड गोळीचं धूड काढायला लावलं. हर्शेल म्हणाला, यानं अस्वलही अडेल. आयडेलानं ते दोन्ही हातांनी उचललं आणि खाली ठेवलं. मग तिनं दुसऱ्या कप्प्यातल्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं. बावीस कॅलिबरचं, बारीक गोळीचं होतं. यात पट्टी ओढायची भानगड नाही. सहा घरांत सहा गोळ्या भरायच्या, अंगठ्यानं घोडा चढवायचा आणि चाप दाबायचा. शिवाय खारीचं मांस फाटत नाही, रश्श्यात शिसं येत नाही.

तिघं दुकानामागच्या उतारावर गेले. पंधरा पावलांवर सहा डबे होते. आयडेलानं घाई केली नाही. पाच डबे पडले. सहावा हलला आणि तसाच उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला एक शिवी हासडली.

आत आल्यावर डेंटननं बावीस बाजूला सारलं आणि पंचेचाळीस पुन्हा तिच्यासमोर ओढलं. डबे अंगावर धावून येत नाहीत, तो म्हणाला. बावीसनं माणूस जागच्या जागी थांबत नाही. हर्शेलनं मान हलवली. थांबत नाही हे खरं, पण मरतो, आणि लहान आहे म्हणून कुणी गंमत समजू नये.

"हे मोठं घे आणि मला शब्द दे," डेंटन आईला म्हणाला. "तो परत आला की विचारायचं नाही, कोण आहे ते बघायचं नाही. चाप ओढायचा. मग खुशाल राहा तुझ्या डोंगरात."

शब्द द्यायला काय जात होतं? खोटा दिला असता तर घर राहिलं असतं. आयडेलानं तोंडही उघडलं, पण तो शब्द काही तिला देववेना.

"कोण आहे ते मी बघून बसलेय," ती म्हणाली.

"कोण?"

"मी रविवारी चर्चमधून मधेच उठून निघाले, पाय दुखत होता म्हणून. स्वयंपाकघरात आले तर तो रायफल घेऊन उभा. हाडं नुसती. मला म्हणाला, आजी, आज लवकर आलीस?"

आयडेलाला आजी म्हणणारा जगात एकच होता.

"मी घर सोडणार नाही, आणि त्याच्यावर गोळी झाडणारही नाही," आयडेला म्हणाली. "दोन्हीतलं काहीच नाही. खारींपुरतं मिळालं तर मला बास आहे." तिनं हर्शेलकडून खरेदीचा फॉर्म मागून घेतला, चष्मा चढवला आणि आपलं नाव लिहायला घेतलं.

डेंटनचा हात अजून पंचेचाळीसवर होता. हात तिथून निघायला बराच वेळ लागला. मग त्यानं ते पिस्तूल हर्शेलकडे सरकवलं आणि आईच्या कोपराजवळ पडलेल्या बावीसकडे बघितलं.

"यापेक्षा लहान काही आहे का?" त्यानं विचारलं.

"असेल," हर्शेल म्हणाला. "पण न मारणारं असं मी काही विकत नाही, डेंटन."