श्रावणातले हप्ते

“बँका सरकारी झाल्या, आता राजा नि रंक सारखेच,” असं मॅनेजरनं जाहीर केलं आणि एकुलती रिकामी खुर्ची बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे सरकवली. बँडवाले सर्जेराव बापाचा ढोल गळ्यात घालून उभेच राहिले. पथक गावोगाव न्यायला टेंपो हवा होता. “गणवेशाच्या कर्जाचे हप्ते तुम्ही वैशाखात भरता, श्रावणात बुडवता. टेंपोला कर्ज कसं देऊ?” “श्रावणात कुणी लगीन करून राह्यलं का, साहेब? मंग वाजवू कुणाच्या दारात? हप्तेच लग्नसराईत बांधा की!” “आणि तारण?” सर्जेरावांनी ढोल दाणकन टेबलावर ठेवला. “हे घ्या! अन् न्हाईच म्हणायचं तर लेखी द्या. भर चौकात वाजवून सांगतो.” साहेबांनी घाईघाईनं अर्ज मंजूर केला. सर्जेराव ताठ मानेनं दारापर्यंत गेले आणि वळले. “साहेब, सांजच्याला मस्तगडात वरात हाय. तेवढ्यापुरता ढोल देता का?”