घराचा दाखला

नकली आवाजांनी माणसं फसू लागल्यापासून दाखल्याशिवाय कुणाचाच आवाज फोनवर पोचत नसे.

"कुठला देऊ?" खिडकीमागच्या मुलीने विचारलं. "माणसाचा घेतलात, तर प्रत्येकाने इथे येऊन बोलून दाखवायचं. घराच्या दाखल्यावर घरातून कुणीही बोललेलं चालतं, पण माझं ऐका, माणसाचाच घ्या. तो पक्का."

मृणाल रांगेत उभी राहून दमली होती. त्याहून जास्त, रोज संध्याकाळी फोनवर नवऱ्याच्या आवाजात बोलणाऱ्या मशीनला वाक्यं पुरवून दमली होती. जेवलो, बरा आहे, ऑफिसात काम फार आहे. मालवणला राहणाऱ्या आजारी सासूबाईंना मुलगा गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. माणसाचा दाखला घेतला, तर आजपासून ते सगळं थांबणार होतं, आणि दोष नियमावर गेला असता.

"घरात बोलणारे कोण कोण?"

"मी आणि हे."

"मग दोघंच तर आहात. उद्या त्यांना घेऊन या."

मृणालने अर्ज खिडकीतून पुढे सरकवला.

"त्यांना जमायचं नाही," ती म्हणाली. "घराचाच द्या."

आज काय जेवलो म्हणून सांगायचं, याचा विचार करत ती जिना उतरली.