बिनफवारणीची भाजी

साडेनऊ वाजले तरी बाबासोचा टेम्पो आला नव्हता. जिन्यात चौदा बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्या सुनयनाकडे बघत होत्या.

मंडळ खरं तर तिचं नव्हतंच. ते काढलं तिच्या नवऱ्यानं, विश्वजितनं. पण पत्रकावर नाव तिचं होतं : 'सेंद्रिय भाजी मंडळ, नवीन पनवेल. संपर्क : सौ. सुनयना.' शहाण्णव साली सेंद्रिय म्हणजे काय हे कॉलनीत कुणाला धड ठाऊक नव्हतं. विश्वजित कामावरून आला की चहा घेऊन बाहेर पडायचा आणि घरोघरी जाऊन समजावून सांगायचा. तो कारखान्यात केमिस्ट होता, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे. बघता बघता चाळीस घरं झाली. दर बुधवारी कर्जतकडून बाबासो आपल्या मळ्यातली भाजी आणायचा, आणि तिची वाटणी सुनयनाच्या बाहेरच्या खोलीत व्हायची. विश्वजित तेव्हा कारखान्यात असायचा.

तिला बेलापूरला एका वकिलाकडे टायपिस्टची नोकरी मिळत होती. विश्वजित म्हणाला, मंडळ जरा रुळू दे. मंडळ रुळलं तोवर वकिलानं दुसरी मुलगी ठेवली. आता पालक कोमेजला तरी बोलणी तिला, वांगं किडकं निघालं तरी तिला. एकदा तिनं सोडते म्हटलं. तो चिडला नाही. "एवढं माझ्यासाठी कर," म्हणाला आणि त्या रात्री जेवला नाही. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

तिला जास्त लागलं होतं ते वेणूबाईचं. वेणूबाई मागच्या गावातली. पूर्वी ती रोज सकाळी कॉलनीच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची. मंडळ निघाल्यावर तिची अर्धी टोपली तशीच परत जायला लागली. एकदा तिनं सुनयनाला थांबवलं.

"बाय, आमचा काय चुकला? तुझा मानूस घरोघर सांगतंय, यांची भाजी घेव नका."

सुनयनानं घरी विचारलं. विश्वजितनं वर न बघता सांगितलं, "फवारतात ते."

त्या बुधवारी दहाच्या सुमाराला तळमजल्यावरच्या सईदाभाभीनं हाक मारली. फोन तिच्याकडेच होता. बाबासोच्या टेम्पोचं इंजिन गेलं होतं, आता महिनाभर तरी जमणार नव्हतं. सईदाभाभीला पाचवा महिना होता. जिना चढून ती वर आली नाही, खालूनच म्हणाली, "आता काय करशील गो?"

सुनयनानं बायकांना तासाभरानं यायला सांगितलं आणि मागच्या वाटेनं ती शेतावर गेली.

वेणूबाईचा नवरा शिवराम माठाच्या वाफ्यात वाकलेला होता. तिनं सरळच विचारलं, औषध कुठलं मारता? त्यानं तिला गोठ्यामागचा शेणाचा खड्डा दाखवला. झोपडीत नेऊन कोपरा न् कोपरा दाखवला. फवारायचा पंप त्याच्याकडे नव्हताच, कधीच नव्हता. वाफे हिरवेगार होते. मार्च लागला तरी पाट भरून वाहत होता. पानांना कुठंकुठं भोकं पडली होती, आणि भोकं म्हणजे औषध नाही, हे विश्वजितनंच तिला शिकवलं होतं.

परत येताना तिच्या डोक्यात एकच होतं. तो खोटं बोलला. कशासाठी, ते तिला कळेना. पण त्या खोट्यापायी एका घराच्या पोटावर पाय आला होता, आणि पत्रकावर नाव आपलं होतं.

तासाभरात शिवरामनं डोक्यावरून दोन खेपा आणल्या. बायकांना भाजी पाहताच आवडली. विश्वजितला तिनं काही सांगितलं नाही, बायकांनाही सांगू दिलं नाही.

महिन्यानं बाबासोचा पुन्हा फोन आला, तेव्हा तिनं त्याला यंदा येऊ नका म्हणून सांगितलं. चाळीसची साठ घरं झाली. वाटणीला आता वेणूबाईच मदतीला बसायची. सईदाभाभीचे डोहाळे अवघड होते, काही म्हणता काही पोटात ठरत नव्हतं. तिला मात्र हा माठ मानवला. सुनयना तिच्यासाठी बुधवारची वाट न बघता रोज ताजी जुडी आणायची आणि समोर बसून खायला लावायची. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की मंडळ आपलं आहे. एकदा विश्वजितही जेवताना म्हणाला, "बाबासोनं माल सुधारला हं." तिला हसू आवरेना.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो नवं पत्रक लिहायला बसला. शेजारच्या सेक्टरमध्येही मंडळ काढू, म्हणाला. सुनयना समोर येऊन बसली.

"आधी वेणूबाईची माफी माग," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. शेणाचा खड्डा, भोकं पडलेली पानं, बाबासोला दिलेला नकार. शांतपणे सांगितलं, कारण हे बोलणं तिनं मनात कितीतरी वेळा घोळवून ठेवलं होतं.

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"किती आठवडे?"

"दहा. आणि कुणाला काही झालेलं नाही. ते फवारत नाहीत, विश्वजित. तू खोटं बोललास."

"हो," तो म्हणाला. "सईदाभाभी पण खाते?"

"तिला तर मी रोज देते."

तो उठला. गॅलरीचं दार लावून आला आणि उभ्यानंच बोलला, इतक्या हळू की तिला पुढं झुकावं लागलं.

"शिवराम ज्या ओढ्याचं पाणी घेतो ना, त्यात दोन वर्षं आमचा कारखाना सांडपाणी सोडतोय. ते पाणी निर्धोक आहे, असं दर महिन्याला मी सही करून देतो."