अकरा खण

रिफअतने चौथा खण तिसऱ्यांदा ओढला, आत पाहिलं आणि पुन्हा लोटून दिला. मग गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन गल्लीत डोकावला. मुतवल्ली नावाच्या व्यापाऱ्याची गाडी अजून आलेली नव्हती.

गच्चीवरच्या खोलीत असे अकरा खण होते आणि प्रत्येकात एक मादी. आफ्रिकेतले लहान जातीचे अजगर, लोक हौसेने घरात पाळतात ते. अलेक्झांड्रियाच्या त्या गल्लीत बाकी सगळ्या गच्च्यांवर कबुतरं, आणि या एका गच्चीवर हे. रिफअतचा जन्म शिवणकामात गेलेला, त्यामुळे प्रत्येक खणावर गिऱ्हाइकाच्या मापाची असावी तशी चिठ्ठी डकवलेली: नर कधी सोडला, शेवटचं कधी खाल्लं, कात कधी टाकली. आणि सगळ्यांत खाली, पोटात काय लागलं. ते तो बोटांनी बघायचा. मादीला हातांवरून सावकाश सरकू द्यायचं आणि अंगठा तिच्या पोटाखाली धरायचा. कच्ची अंडी असली तर एकेक करून अंगठ्यावरून जातात. मापं स्वयंपाकघरातली: मसूर, हरभरा, ऑलिव्ह, खजूर. खजुराएवढं लागलं की दोनेक महिन्यांत अंडी घालणार, हा त्याचा हिशेब वीस वर्षांत चुकला नव्हता.

यंदा अकराही चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता. रिकामी.

चौथ्या खणातली बदरिया सगळ्यांत जुनी. लागोपाठ तीन तपासण्यांत रिकामी निघालेली मादी ठेवायची नाही, हा नियम रिफअतनेच घालून घेतलेला. तिची तिसरी तपासणी काल झाली. आज तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, तांता शहरातला मुतवल्ली तिला न्यायला येणार होता, आपल्या दुकानात लोकांना दाखवायला. तिच्यामागून बाकीच्या दहा जणींचीही पाळी येणार, हे रिफअतला दिसत होतं. म्हणून तर त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

त्याची बायको इन्साफ चहा घेऊन वर आली आणि रोजच्यासारखी दारातच थांबली. वीस वर्षांत तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. तिने तिथूनच मान लांब करून चौथ्या खणात पाहिलं.

"ही पाण्याच्या भांड्याला विळखा घालून उलटी का पडलीय?"

थंडी आहे म्हणून, रिफअत म्हणाला.

"थंडीत कुणी गार भांड्याला मिठी मारतं का? आपला वाएल पोटात होता तेव्हा मी अशीच फरशीवर लोळायचे. तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, थंडी आहे म्हणून."

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच, असं म्हणून त्याने चहासाठी हात पुढे केला. तिने ग्लास फडक्यात गुंडाळून आणला होता, चहा नुकताच चुलीवरून उतरवलेला. त्याने फडकं बाजूला सारलं, उघड्या बोटांनी ग्लास धरला आणि मुतवल्ली कधीच वेळेवर कसा येत नाही ते सांगू लागला. ग्लास हातात तसाच. इन्साफ त्या हाताकडे बघत राहिली.

"ग्लास खाली ठेवा."

"का?"

"ठेवा म्हणते ना."

बोटांची टोकं लालबुंद झाली होती. एकावर आधीचाच एक फोड होता, वाळत आलेला. साखरेचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरने पायांना जपायला सांगितलं होतं. बोटांचं कुणी काही बोललंच नव्हतं.

बोटांना काही लागत नाही हे कधीपासून, असं तिने विचारलं. तो आधी थंडीवर गेला, मग शिंप्याची बोटं निबरच असतात म्हणाला. तिने अकराही चिठ्ठ्या नजरेखालून घातल्या.

"मला वाटलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "यंदा सगळ्याच म्हाताऱ्या झाल्या."

 इन्साफला राग आला, इतके दिवस सांगितलं नाही याचा. ती उंबरा ओलांडून आत आली, स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही तळवे पुढे केले.

"द्या इकडे."

"तू? तू तर पालीला घाबरतेस."

"डोळे मिटते. तुम्ही फक्त तिचं तोंड धरा."

त्याने बदरियाला तिच्या हातांवर ठेवलं, तिचा अंगठा धरून पोटाखाली नेला आणि नुसता टेकव, दाबू नकोस, असं दोनदा बजावलं. इन्साफला वाटलं होतं बुळबुळीत लागेल. तसं काही नव्हतं. कोरडं, जड अंग हळूहळू सरकत गेलं. बराच वेळ काहीच लागलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "हे काय?"

"केवढं आहे?"

"ऑलिव्हएवढं. नाही, मोठं आहे. खजूर." अंग आणखी सरकलं. "दुसरं. अहो, हे तिसरं."

सातव्याला तिने डोळे उघडले. रिफअतचे ओठ तिच्याबरोबर मोजत होते.

खाली गाडीचा भोंगा वाजला. मुतवल्ली गल्लीतूनच ओरडला, पिशवी आणलीय, मादी खाली आण. रिफअतने बदरियाला खणात ठेवलं, पालथ्या हाताने डोळे पुसले आणि कठड्याशी गेला.

"परत जा, मुतवल्ली. मादी द्यायची नाही."

"अरे, काल तर रिकामी म्हणालास."

"तपासणाऱ्याची चूक झाली."

"कोण गाढव तपासत होतं?"

"होता एक शिंपी," रिफअत म्हणाला. "त्याला काढून टाकला."

मुतवल्ली खालून आणखी काहीबाही बोलत होता. रिफअतने मागे वळून पाहिलं. इन्साफने पाचवा खण ओढला होता आणि डोळे उघडे ठेवून दोन्ही हात आत घातले होते.