शेजारची जागा

चर्चच्या मागच्या खोलीत पंचकमिटीची पाच माणसं टेबलाभोवती बसली. ती बाई दाराशीच उभी राहिली. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. खुर्च्या मात्र सहा होत्या.

तिचा नवरा गवंडी होता. परवा परांचीवरून पडला आणि जागीच गेला. लांबच्या मुलखातून कामाला आलेली ही माणसं वर्षभर शेवटच्या बाकावर बसायची, आपल्या भाषेत पुटपुटायची. आता तिला दफनभूमीत जागा हवी होती, उद्यासाठी. तिच्या वतीने कोणीतरी चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्या पाळकसाहेबांनी वाचून दाखवल्या. दफनभूमीत एकच जागा उरली होती. तीही नेमकी कमिटीतल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेला लागून.

सभेची सुरुवात प्रार्थनेने. एकेकाने पाळीपाळीने करायची, शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. मधे कोणी कोणाला तोडायचं नाही. त्यामुळे या कमिटीत ज्याला जे सुनावायचं असे, ते तो डोळे मिटून देवालाच सुनावत असे.

पाळकसाहेबांनी सगळ्यांसाठी मोठं मन मागितलं आणि भीत भीत थांबले. फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या सेक्रेटरीने देवाला नियमावलीची आठवण करून दिली. जागा फक्त सात वर्षं जुन्या सभासदालाच मिळते, हे कलम नंबरासकट सांगितलं, न जाणो देव विसरला असेल. निवृत्त शिक्षिकेने या लोकांच्या तक्रारी मांडल्या. प्रार्थनेत ओरडतात, गाताना ताल सोडतात, पोरं बाकावर बिस्किटांचा चुरा करून ठेवतात. आणि हे सगळं आपण प्रेमापोटी सांगतोय, असंही तिने प्रभूच्या कानावर घातलं. पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला लांबण लावायला आवडत नसे. प्रभू, मी आधीच्या दोघांशी सहमत आहे, एवढं म्हणून तो मोकळा झाला. आधी तिघं बोलले होते. पाळकसाहेबांना त्याने धरलंच नव्हतं.

राहिल्या डॉक्टरीणबाई. वय ब्याऐंशी. आवाज चढवायची गरज त्यांना जन्मात पडली नव्हती.

“हे पित्या,” त्या म्हणाल्या, “आमचे हे तिथं एकोणीस वर्षं एकटे आहेत. आज ना उद्या मी त्यांच्याजवळ जाणार. माझ्या दुसऱ्या अंगाला कोण असावं, एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे. घर घेताना शेजार बघून घेतलं मी. हे तर कायमचं घर. या माणसाला त्याच्या लोकांत जागा दे, आमच्यात नको. येशूच्या नावाने मागते.”

आता फक्त आमेन उरलं होतं. ते दुसऱ्या कोणीतरी सुरू करावं म्हणून पाळकसाहेब थांबले. सेक्रेटरीने नुसतेच ओठ हलवले. शिक्षिकेने खाकरून घेतलं.

“आमेन,” दाराकडून आवाज आला. स्पष्ट, रडवेला.

तिला या भाषेतलं अवाक्षर कळत नव्हतं. पाच मोठी माणसं माना खाली घालून, एकामागून एक, आपल्या माणसासाठी देवाला आळवताहेत, एवढंच तिला दिसलं होतं. ती टेबलाला वळसा घालून आली. एकेकाचा हात हातात घेऊन तिने तो कपाळाला लावला. सिमेंट कालवून तिचे तळवे खरखरीत झाले होते. कोणी हात काढून घेतला नाही. डोळेही कोणी उघडले नाहीत. उघडले असते तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

सगळ्यात शेवटी डॉक्टरीणबाईंचा हात. तो तिने दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंनी हात सोडवून घेतला, रुमालाने पुसला आणि रुमाल घडी घालून बाहीत खोचला.

“काय लिहू?” सेक्रेटरीने हळूच विचारलं.

“तो अंगाने केवढा होता, खुणेने विचारा तिला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. “खड्डा माझ्या हद्दीत यायला नको.”